दुष्काळी तळ्यांवरचे पाहुणे

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे बरे वर्षसुद्धा पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे संपते. सांगली जिल्ह्याची तऱ्हा तीच. पश्चिमेला शिराळ्याच्या अंगाला चांदोलीचे दाट जंगल, पूर्वेला आटपाडी आणि जत. सह्याद्रीच्या कड्यापासून माणदेशापर्यंतची वाट एसटीने अर्ध्या दिवसाची. तेवढ्या टप्प्यात सदाहरित झाडी, कातळाचे सडे, नदीकाठची काळी रानं, उसाचे फड, उघडे माळ आणि उथळ तळी असे सगळे येऊन जाते. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत, या दोन जिल्ह्यांत दिसणाऱ्या पक्ष्यांची यादी लांबत जाते.

त्या यादीतली सर्वांत मोलाची नावे मात्र पाण्याने तुडुंब भरलेल्या पश्चिमेला सापडत नाहीत. ती सापडतात पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. कोयनेचा शिवसागर आणि वारणेवरचा चांदोलीचा जलाशय यांच्या पुढे माण-खटावातली तळी म्हणजे डबकी. तरीही हिवाळ्यात बदके, पाणटिवळे आणि रोहित उतरतात ते त्या डबक्यांवर. कारण सरळ आहे. कोयनेचे पाणी दोन डोंगरांच्या बेचक्यात साठलेले आहे. काठ सोडला की लगेच खोल. बहुतेक बदके बुडी मारत नाहीत. शेपूट आभाळाकडे करून, मान पाण्यात खुपसून तळाचे शेवाळ, बी-बियाणे आणि किडे टिपतात. मान पोचेल एवढेच पाणी त्यांच्या कामाचे. चिखल्या आणि तुतवार यांना तर तेवढेही नको असते, त्यांना घोट्याएवढे पाणी आणि मऊ चिखल हवा. सपाट मुलखात मातीचा बांध घालून अडवलेले पाणी पसरते, उथळ राहते आणि दिवाळीनंतर हळूहळू मागे सरकत रोज नवा चिखल उघडा करते. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात पाणपक्ष्यांची चंगळ होते ती अशी.

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. माण नदीवरचा म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव त्याच काळातला. तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला आहे. येरळा नदी खटावात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिच्यावरचे येरळवाडीचे धरण अलीकडचे. मायणी, येरळवाडी आणि जवळचा सूर्याचीवाडीचा तलाव हे त्रिकूट पक्षीप्रेमींच्या तोंडी एकत्रच येते, कारण पक्षी या पाण्यांना वेगळे मानत नाहीत. एका तळ्यात नावाड्याने होडी घातली किंवा पाणी चढले की थवा उठतो आणि शेजारच्या तळ्यावर जाऊन बसतो. सकाळी मायणीला रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला दुपारी येरळवाडीला सगळा मेळा सापडतो तो यामुळे. एकच तळे राखून भागत नाही, आजूबाजूची सगळी पाणी राखावी लागतात. २०२१ साली राज्य सरकारने मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

पाहुणे सगळे एका दिवशी येत नाहीत. भाद्रपदात, अजून ओढे खळाळत असतानाच, घाटातल्या नाल्यांच्या दगडांवर करडा धोबी येऊन शेपूट हलवू लागतो. भुवई बदके तळ्यांवर लवकर उतरतात. नराच्या डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी पट्टी भुवईसारखी दिसते म्हणून हे नाव. दसऱ्याच्या सुमारास माळावर भोवत्ये तरंगू लागतात. दिवाळीनंतर थापट्या, तलवार बदक आणि लालसरी यांची भर पडते, आणि राजहंसाच्या कुळातला पट्टकादंब सगळ्यांत शेवटी, थंडीने जोर धरला की. हे पक्षी मध्य आशिया, सायबेरिया, मंगोलिया, तिबेट अशा प्रदेशांतून येतात. तिथली थंडी ते एकवेळ सोसतील, पण पाणी गोठले आणि किडे संपले की खायला काही उरत नाही. दिवस लहान होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात चरबी साठू लागते आणि त्याचा जीव अस्वस्थ होतो. उरलेले काम वारे आणि तारे करतात. भारतात पोचणाऱ्या या मार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात आणि तीसेक देश त्याच्या पट्ट्यात येतात.

तळ्याच्या काठावर उभे राहिल्यावर सर्वांत आधी नजरेत भरतो तो काळ्या ठिपक्यांचा पसारा. ते वारकरी. पुस्तकात त्यांना चांदवा असेही नाव आहे. अंग सगळे काळे आणि कपाळावर चोचीपासून वर चढलेला पांढराशुभ्र टिळा. हे नाव ज्याने कोणी ठेवले त्याची नजर मोठी रसिक असली पाहिजे, कारण कार्तिकी एकादशीच्या आसपास हे पक्षी शेकड्यांनी एकत्र जमतात आणि एका लयीत मान पुढेमागे करत पाण्यावरून सरकतात. त्यांच्यातच हळदी-कुंकू बदक असते, काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा आणि बुडाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. हे बारमाही इथले. थापट्या मात्र परदेशी. त्याची चोच टोकाला फावड्यासारखी पसरलेली असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. थापट्ये गोल फेर धरून पोहतात. एकाच्या पायांनी वर आलेला गाळ मागचा गाळून घेतो, त्याच्यामुळे वर आलेला त्याच्या मागचा. दुर्बिणीतून हा फेर पाहिला की पंगतीत वाढप्याची वाट न पाहता एकमेकांना वाढणारी माणसे आठवतात.

चक्रवाकाची गोष्ट वेगळी. नारिंगी-तांबूस अंगाचे हे मोठे बदक जोडीने येते, जोडीने चरते आणि रात्रीही ओरडत राहते. दिवसा एकत्र असणारी ही जोडी रात्री शापाने दुरावते, हा संकेत संस्कृत काव्यापासून मराठी कवितेपर्यंत चालत आला आहे. त्याचे मूळ बहुधा त्यांच्या रात्रीच्या हाकांतच असावे. रात्री चरायला पांगलेले जोडीदार एकमेकांना आवाज देतात आणि काठावर झोपलेल्या माणसाला ते विरहाचे वाटते.

पट्टकादंब ओळखायला सोपा. डोके पांढरे आणि मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे. जगात सर्वांत उंचावरून उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. तिबेट आणि मंगोलियाकडची त्याची वीण संपली की तो हिमालय ओलांडतो. पाठीवर यंत्र बसवलेल्या पट्टकादंबांच्या नोंदींत ७,२९० मीटरपर्यंतची उंची मिळाली आहे. त्या उंचीवर हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते आणि फुप्फुसेही शरीराच्या मानाने मोठी असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. हा पक्षी एकदा वर चढून सरळ रेषेत जात नाही. डोंगर चढला की चढतो, दरी आली की खाली उतरतो. उतरून पुन्हा चढण्याचा खर्च विरळ हवेत सतत पंख मारण्यापेक्षा कमी पडतो. एवढा प्रवास करून आलेला हा पक्षी खटावातल्या तळ्याकाठी हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर चरतो आणि दुपारी पाण्यात विसावतो. मंगोलियात संशोधकांनी काही पट्टकादंबांच्या मानेत अक्षरे लिहिलेले रंगीत पट्टे अडकवले होते. त्यांतले काही दक्षिण भारतातल्या तळ्यांवर वाचले गेले. गदग जिल्ह्यातला मागडीचा तलाव तर या पक्ष्यांसाठी देशभर ओळखला जातो.

मायणीचे नाव झाले ते मात्र रोहित पक्ष्यामुळे. वर्तमानपत्रे त्याला फ्लेमिंगो म्हणतात, काही जण अग्निपंख. मोठा रोहित माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. भारतात त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. चिखलाची बुटकी उतरंडीसारखी घरटी तो हजारोंनी तिथे उभारतो. पाऊसमान बरे झाले, रण भरले, पिल्ले उडती झाली की थवे दक्षिणेकडे पांगतात. उजनीचा जलाशय त्यांचा मोठा मुक्काम आहे, माण-खटावची तळी छोटा. पक्षी येतील की नाही, कधी येतील आणि किती दिवस राहतील हे पाण्याच्या उंचीवर ठरते, म्हणून त्यांची तारीख कोणी सांगू नये.

रोहिताचे खाणे जवळून पाहण्यासारखे आहे. तो मान खाली सोडतो आणि डोके उलटे करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. चोच मधोमध वाकलेली असल्याने ती उलटी केली की पाण्याला समांतर बसते. मग जाड जीभ पिचकारीसारखी पुढेमागे होते, पाणी आत घेते आणि बाहेर टाकते, आणि चोचीतल्या जाळीत बारीक शेवाळ व कोळंबीसारखे सूक्ष्म जीव अडकतात. त्या जिवांतल्या रंगद्रव्यानेच पिसांना गुलाबी छटा येते. म्हणून पहिल्या वर्षाची पिल्ले करडी-मातकट असतात, आणि थव्यात अशी मळकट पोरे किती आहेत हे मोजले की यंदा कच्छात वीण कशी झाली याचा अदमास येतो. खाताना हा पक्षी एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, गाळ ढवळतो. पाणी ओसरले की चिखलावर त्याच्या पावलांची कडी उमटलेली दिसतात. पक्षी उडून गेल्यावरही दोन-चार दिवस ती टिकतात, आणि जाणकार त्यावरून सांगतात की इथे रोहित होता.

या सगळ्याचा पाया उथळ पाणी आहे आणि तिथेच अडचण येते. टेंभू, ताकारी, उरमोडी यांसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचे आणि तिच्या उपनद्यांचे पाणी या कोरड्या पट्ट्यात चढवले आहे. जिथे टँकरशिवाय उन्हाळा निघत नव्हता तिथे आता द्राक्षे आणि डाळिंबे पिकतात. शेतकऱ्याने हे पाणी नाकारावे असे कोणी म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. पण नेमक्या हिवाळ्यात तळे भरून घेतले की काठचा चिखल बुडतो आणि पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही. रोहिताची उंची आहे, तरी त्यालाही मर्यादा आहे. चिखल्यांना तर काहीच पर्याय राहत नाही. तळ्याच्या एका कोपऱ्याचा उतार हलका ठेवला किंवा पाणी सोडण्याच्या वेळा थोड्या पुढेमागे केल्या, तर शेत आणि पक्षी दोघांचेही भागते. हे ठरवायला तज्ज्ञांची समिती लागत नाही. तलावाचा पाणीवापर पाहणारे गावकरी आणि अधिकारी एकत्र बसले तरी पुरते.

पाण्यापासून वर माळावर आले की चित्र पालटते. खटाव, माण, आटपाडी, जत इथले उघडे माळ बाहेरच्या माणसाला ओसाड वाटतात आणि सरकारी कागदांतही ते फार काळ पडीक म्हणून नोंदले गेले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त याच माणदेशाचा धनगरी संसार उभा केला. हिवाळ्यात धनगराची मेंढरे आणि भोवत्ये एकाच माळावर चरतात. भोवत्या हा शिकारी पक्षी, पण घारीसारखा उंच घिरट्या घालत नाही. पंख उथळ व्ही आकारात धरून, गवताच्या कणसांना जवळजवळ पोट लागेल इतक्या खालून तो माळ चाळत जातो आणि गवतातून टोळ, उंदीर किंवा चंडोल उठला की तिथल्या तिथे गिरकी घेतो. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन्ही युरोप-मध्य आशियातून येतात. संध्याकाळी वीस-पंचवीस भोवत्ये गुडघाभर गवतात जमिनीवरच एकत्र मुक्कामाला बसतात. अशी रात्रीची जागा कळली तर ती सर्वांना सांगत सुटू नये, कुत्री आणि मोटारसायकली तिथे पोचायला वेळ लागत नाही. माळावर सरसकट झाडे लावण्याची मोहीमही त्यांना घातक ठरते. झाड लावणे पुण्याचे असते ही आपली ठाम समजूत आहे. पण माळ हा स्वतः एक पूर्ण रानप्रकार आहे आणि तिथे ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावली की चंडोल, धाविक आणि भोवत्या तिघेही जातात.

साताऱ्याच्या पठारांवर या विषयाला आणखी एक बाजू आहे. ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी बाजूच्या मोकळ्या पठारापेक्षा जवळजवळ चौपट कमी आढळले. त्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्यावर झाला. गळ्याला निळ्या-नारिंगी पंख्यासारखी पिशवी असलेला सारडा सुपर्बा हा सरडा तिथे संख्येने वाढला, माणूस पुष्कळ जवळ येईपर्यंत पळेनासा झाला, पण खाण्यासाठी स्पर्धा वाढल्याने त्याची प्रकृतीही खालावली. वरचा शिकारी निघून गेला की खालची सगळी उतरंड हलते हे पुस्तकात असते. चाळकेवाडीत ते मोजून दाखवले गेले. कापशी, तिसा, खरूची हे शिकारी पक्षी कार्तिकात या पठारावर किती दिसतात, याची साधी नोंदही म्हणून महत्त्वाची ठरते.

त्याच सह्याद्रीच्या माथ्यावरून नोव्हेंबरात एक लहानसा ससाणा जातो आणि बहुतेकांना तो गेलेला कळतही नाही. अमूर ससाणा वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कबुतराच्या निम्मा. रशियाच्या अतिपूर्वेत आणि ईशान्य चीनमध्ये त्याची वीण होते आणि हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. वाटेत तो नागालँड-मणिपूरला थांबून वाळवी आणि किडे खाऊन पुढच्या प्रवासाची बेगमी करतो. २०१२ साली नागालँडच्या डोयांग जलाशयाजवळ त्यांची प्रचंड कत्तल उघड झाली आणि दुसऱ्याच वर्षी पांगती गावाने शिकार बंद केली. त्याच वर्षी तिथे उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावलेल्या ससाण्यांनी मध्य भारत आणि महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतली. समुद्राचा हा टप्पा सुमारे तीन हजार किलोमीटरचा आहे आणि त्यात बसायला जागा नाही. नोव्हेंबरात भारताकडून आफ्रिकेकडे कोट्यवधी चतुरही याच वाऱ्यावर जातात आणि ससाण्याला त्यांचा शिधा मिळत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तो हमखास शोधला जातो. साताऱ्याच्या पठारांवर तो दिसला तर फार तर सकाळचे काही तास, तारेवर रांगेने बसलेला, पाय आणि चोचीचे बूड नारिंगी. त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यात विजेच्या तारांवरचे पक्षी मोजताना घाई करू नये.

पश्चिमेच्या जंगलाला हिवाळ्यात काही मिळत नाही असे मात्र नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि तिथल्या झाडीत हिमालयातून निलांग उतरतो, सगळे अंग निळसर-हिरव्या रंगाचे, फांदीच्या टोकावर बसून माश्या टिपणारा. वटवट्ये डोळ्याला सापडत नाहीत, आवाजाने ओळखावे लागतात. किल्ल्यांच्या तटावर आणि दगडाच्या खाणींत निळा कस्तूर एकटाच बसलेला दिसतो. एवढे सोडले तर या भागातली दर्शने जास्त करून बारमाही पक्ष्यांची आहेत आणि ती पावसाळ्यात अधिक रंगतात.

सांगलीकडे उतरले की कृष्णेचा काठ आणि उसाचा मुलूख लागतो. वाळवा, पलूस, मिरज इकडे ऊस तोडणीला आलेला असतो. माळभिंगऱ्या दिवसभर शेतावर किडे पकडतात आणि सूर्यास्ताला उसाच्या फडात मुक्कामाला उतरतात. पिवळे धोबीही त्यांच्यातच. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे फडावर काळा भोवरा फिरतो, मग एकदम पाऊस पडल्यासारखे सगळे पाचटात शिरतात. दुसऱ्या दिवशी तोडकरी टोळी आली की त्यांना नवा फड शोधावा लागतो. कृष्णेच्या वाळूच्या पट्ट्यांवर नदी सुरय आणि शेकाट्ये असतात, गवताळ काठावर शंकर हा चिमणीएवढा पक्षी. त्याच्या गळ्यावरचा निळा पट्टा पाहून हे नाव पडले. तो लाजाळू असतो, पण ओल्या जमिनीवर शेपूट उंच करून धावताना सापडतो. देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य उजाड डोंगरावर झाडे लावून, हरणे सोडून माणसांनी उभे केले. त्याच्या मागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची जिद्द होती. हिवाळ्यात तिथे मोरांबरोबर स्वर्गीय नर्तकही दिसतो.

आणि मग भोरड्या. रोहित पाहायला माणसे गाड्या करून येतात. भोरडी पाहायला कोणी येत नाही, कारण ती शेतकऱ्याच्या डोक्यावर असते. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख, साळुंकीएवढा आकार. दक्षिण-पूर्व युरोपपासून कझाकस्तानपर्यंतच्या गवताळ प्रदेशात तिची वीण होते आणि तिथे ती टोळांच्या थव्यांवर पिल्ले वाढवते. माण, जत, आटपाडीत शाळू पेरला जातो परतीच्या पावसाच्या ओलीवर. मार्गशीर्षात कणसे पोसायला लागतात, हुरडा धरतो आणि भोरड्यांची दाटी होते. हजारोंचा थवा एखाद्या कापडासारखा वळतो, उलटतो, घडी पडल्यासारखा दाट होतो आणि पुन्हा पसरतो. वर ससाणा असेल तर तो आणखी दाटतो, म्हणजे शिकाऱ्याला एक पक्षी वेगळा निवडता येत नाही. थवा उतरला की शेत गुलाबी-काळे होते आणि उठला की कणसाचे मधले दाणे गेलेले असतात.

म्हणून या दिवसांत शेतात माळा उभा राहतो. चार वासे, वर गवताची पेंढी, हातात गोफण, बाजूला पत्र्याचा डबा. पाखरे राखायला पहाटे उठावे लागते, कारण भोरडीचा पहिला थवा उजाडता-उजाडताच येतो. गोफणीचा खडा लागावा अशी अपेक्षा नसते. सुतळीच्या टोकाचा फटकन् होणारा आवाज पुरेसा असतो. शेजारचे शेत राखणारा मागे पडला तर सगळे पाखरू आपल्याकडे येते, त्यामुळे राखण शिवारभर एकाच वेळी चालते आणि हाकाटीची साखळी लागते. शेतकऱ्याच्या नुकसानीला कमी लेखून भोरडीचे कौतुक करणे अन्यायाचे होईल. पण शाळू पोसण्याआधी हीच भोरडी नाकतोडे आणि अळ्या खाते आणि फेब्रुवारीत पळस फुलला की त्या फुलांतला मध पिऊन परागही वाहते. पळस मैना हे तिचे दुसरे नाव तिथून आले.

एखादे दर्शन विशेष ठरते ते आधी काय दिसत होते हे माहीत असल्याने. या मुलखाच्या बाबतीत ती नोंद चांगली जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा संख्याशास्त्रीय अधिकारी दख्खन पायी-घोड्याने हिंडला आणि १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आज प्रत्येक ओढ्याकाठी दिसणाऱ्या वंचकाला, म्हणजे ढोकरीला, शास्त्रीय नाव त्यानेच दिले. दख्खनच्या माळावरचा एक चंडोल अजूनही साइक्सच्या नावाने ओळखला जातो. १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. त्या यादीत असलेला माळढोक आज या पट्ट्यात शोधूनही सापडत नाही, आणि हे नुसत्या आठवणीवर कळले नसते.

नोंद ठेवण्याचे काम आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. नेमका हाच आठवडा मायणीच्या तळ्यावर पाहुणे जमू लागण्याचा असतो. १९८७ पासून जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. एरवीच्या नोंदी ई-बर्डवर टाकता येतात. तिथे तारीख, जागा, वेळ आणि संख्या लिहावी लागते आणि वेगळे काही दिसले तर वर्णन किंवा छायाचित्र जोडावे लागते. संख्या अंदाजे असली तरी चालते, पण 'भरपूर' असे लिहून चालत नाही. थव्याचा दहावा हिस्सा मोजून दहाने गुणण्याची पद्धत सोपी आणि बरीच खात्रीची. सकाळी ऊन पाठीशी घेऊन पूर्व काठावर उभे राहावे, म्हणजे पक्ष्याचे रंग खरे दिसतात. आणि पट्टकादंबाच्या मानेत पट्टा दिसला तर आधी त्याचा रंग, मग अक्षरे, मग पक्षी कोणत्या बाजूने पाहिला हे टिपून घ्यावे. पुढचा थवा उठेपर्यंत तेवढाच वेळ मिळतो.